जहाजाच्या टाकीत भाऊ पडला, ठेकेदार सही मागतोय

शिरोलीचा वेल्डर: धाकटा भाऊ मुंबईत जहाज दुरुस्तीला, ठेकेदाराकडं. बॅलास्ट टाकीत (जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती) परांचीवरनं पडला, टाच मोडली. ठेकेदार म्हणतोय, पन्नास हजार घे नि ‘पुढं काही मागणार नाही’ लिहून दे. आबा म्हणतात, घेऊन टाक, मुंबईच्या खेपा कोण घालणार?

उद्यमनगर: सही करू नका गा! भरपाईचा हक्क सोडल्याचा कागद कायद्यात टिकत नाही. ठेकेदारानं हात वर केले तरी मूळ मालकावर जबाबदारी येते. आणि दावा कामगार राहतो तिथल्या कामगार भरपाई आयुक्तांकडं टाकता येतो, म्हणजे तुमच्या कोल्हापुरातच. पण आधी सांगा, पगारातनं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापत होते का? असेल तर वाट वेगळी. मग पैसे ईएसआयच देतं, बरा होईपर्यंत मजुरीच्या 90 टक्के.

जुना फिटर: पडला कसा? चक्कर आली हुती का विचारा. बंद टाकीत गंज हवेतला ऑक्सिजन खातो. साधारण 21 टक्के असतो, 19.5 च्या खाली आत जायचंच नाही. हवा तपासल्याचा परवाना हुता का? त्याचा फोटो सोबत्यांकडनं आजच मागवा, नंतर कोण देत नाही.

शिरोलीचा वेल्डर: ईएसआय कापलंय, स्लिप सापडली. चक्करचं विचारतो.