पेट्रोलचा काटा : जुना सेंडर दुरुस्त करावा की नवा बसवावा?

यवतेश्वरकर (सातारा), धागाकर्ता

माझ्याकडे २००५ ची निस्सान ३५०झेड आहे. पहिल्या मालकाने ती नवी असतानाच बाहेरून आणवली होती. माझ्या दारात येऊन तिला सहा वर्षे झाली. गेल्या उन्हाळ्यापासून पेट्रोलच्या काट्याचा भरवसा उरला नव्हता. टाकी भरलेली असताना तो बरोबर असे, पण अर्ध्याच्या जवळ आला की एकाएकी शून्यावर कोसळे, इशाऱ्याचा दिवा लागे आणि यवतेश्वर घाटातले एखादे वळण घेतले की पुन्हा जागेवर येई. पुण्यातील एका गॅरेजने कोणतेही मोजमाप न घेता टाकीतले दोन्ही सेंडर (पेट्रोलची पातळी मोजून काट्याला कळवणारे भाग) पंपासह बदलावे लागतील असे सांगितले आणि भाग परदेशातून येईपर्यंत दोन महिने थांबण्याची तयारी ठेवायला सांगितली.

दोन सेंडर का, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या गाडीचे इंजिन पुढे आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे मधला शाफ्ट टाकीच्या खालून जातो. त्याला वाट मिळावी म्हणून टाकी घोड्याच्या खोगिरासारखी दोन्ही बाजूंना उतरती केलेली आहे. एका बाजूला इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप आहे. दुसऱ्या बाजूचे पेट्रोल वाहत्या पेट्रोलच्याच ओढीने पंपाकडे खेचले जाते. दोन्ही बाजूंना पेट्रोलवर तरंगणारा एकेक फ्लोट आहे, तो वर-खाली झाला की सेंडरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. दोन्ही रोध एकामागोमाग जोडलेले आहेत आणि काटा त्यांच्या बेरजेवर चालतो. टाकी रिकामी होत जाते तसा रोध वाढतो, म्हणून जोडणी कुठेही तुटली तरी काटा थेट शून्य दाखवतो.

मी गाडी त्या गॅरेजकडे दिली नाही. सीटच्या मागचे कार्पेट उचलून पंपाच्या बाजूचे झाकण उघडले आणि सेंडर बाहेर काढला. टेबलावर पांढरे कापड अंथरले, मल्टिमीटरच्या पिना लावल्या आणि फ्लोटची दांडी अगदी सावकाश, बोटाच्या टोकाने वर-खाली केली. आकडा एकसारखा चढत होता. मधल्या एका जागी मात्र मीटरवर ‘ओएल’ उमटे, म्हणजे जोडणीच तुटे, आणि दांडी केसभर पुढे सरकली की आकडा परत येई. भिंगातून पाहिले तेव्हा सिरॅमिकच्या पट्टीवरील रुपेरी रेघांवर काजळाचे बोट ओढावे तशी काळी वाट पडलेली दिसली. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि खोडरबर वापरून ती पुसली, सरकत्या कॉन्टॅक्टची टोके अर्धा मिलिमीटर बाजूला वाकवून न झिजलेल्या भागावरून फिरतील अशी केली, आणि ‘ओएल’ नाहीसे झाले.

माझे मत स्पष्ट आहे. मोजल्याशिवाय भाग बदलू नये, आणि मोजल्यावर दोष बोटभर काळ्या वाटेचा निघाला तर वीस वर्षे बिनतक्रार चाललेला मूळ भाग भंगारात टाकू नये. आपणांस काय वाटते?

कुपवाडकर (सांगली)

आपण मोजून काम केलेत याबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. मी कुपवाड एमआयडीसीत मोजमापाच्या उपकरणांच्या दुरुस्तीत २२ वर्षे काढली आहेत. ती काळी वाट म्हणजे साधी धूळ नसते. पेट्रोलमधील गंधकाची कॉन्टॅक्टमधील चांदीशी क्रिया होऊन चांदीचे सल्फाइड तयार होते आणि ते वीज नीट वाहू देत नाही. २००४ च्या मे महिन्यात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पेट्रोलमध्ये गंधक वाढल्यामुळे अनेक गाड्यांचे काटे असेच बिघडले होते आणि त्या पेट्रोलची विक्री थांबवावी लागली होती. आपण खोडरबराने ते सल्फाइड काढलेत, पण त्याच्यासोबत चांदीचा थरही विरळ झाला. शिवाय वीस वर्षे दाबून राहिलेल्या, कॉन्टॅक्ट पट्टीवर टेकवून धरणाऱ्या स्प्रिंगचा ताण पुसण्याने परत येत नाही. एक-दोन वर्षांत हीच तक्रार उद्भवेल आणि आपण पुन्हा टाकी उघडाल.

माझा खरा आक्षेप या ‘पुन्हा’ला आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा जड असते आणि सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचून राहते. हे काम आयुष्यात एकदाच करावे आणि नवा भाग घालून टाकी बंद करावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

पसरणी घाट (वाई)

दोघांचीही क्षमा मागून वेगळे म्हणणे मांडतो. टाकी उघडायचीच कशाला? टाकी पूर्ण भरावी, ट्रिप मीटर (एका फेरीचे किलोमीटर मोजणारा आकडा) शून्यावर आणावा आणि ठरावीक किलोमीटर झाले की पुन्हा भरावी. माझ्या जुन्या गाडीचा काटा चार वर्षे बंद आहे आणि मी एकदाही रस्त्यात अडकलो नाही.

यवतेश्वरकर, धागाकर्ता

वाईकर, आपली पद्धत सपाट रस्त्यावर चालेल. मी मात्र एका रविवारी पुण्याहून महामार्गाने येतो आणि पुढच्या रविवारी कास पठारापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढतो. या दोन प्रवासांत एका लिटरला पडणाऱ्या किलोमीटरमध्ये इतका फरक पडतो की ट्रिप मीटरवरून टाकीचा अंदाज बांधणे मला धोक्याचे वाटते. आणखी एक गोष्ट विसरू नये. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. पेट्रोल वारंवार तळाशी गेले तर सेंडर वाचवताना आपण पंप गमावून बसू.

कुपवाडकर, सुरक्षिततेविषयी आपण लिहिलेला प्रत्येक शब्द मान्य आहे. मी काम उघड्या अंगणात, सकाळी, टाकीत अगदी थोडे पेट्रोल असताना केले. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले, म्हणजे नळीतील दाब उतरला. नंतर बॅटरीची ऋण तार सोडली. मोबाइल घरात ठेवला होता.

कृष्णाकाठ (कराड)

माझा कल धागाकर्त्यांकडे आहे, पण त्यांनी एक पायरी गाळली. सेंडर बाहेर काढण्यापूर्वी झाकणावरचा कनेक्टर आणि त्याची अर्थिंग तपासायला हवी होती. कनेक्टर सोडून तिथेच मल्टिमीटर लावला तर दोष टाकीच्या आत आहे की बाहेरच्या वायरिंगमध्ये, हे टाकी न उघडता कळते. माझ्या ओळखीत एकाने दोन सेंडर बदलले आणि शेवटी दोष निघाला गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टात.

गंधकाच्या मुद्द्यावर कुपवाडकरांना एवढेच सांगेन की १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ या प्रदूषण-मानकाचे पेट्रोल आले आणि गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर उतरली. म्हणजे काळी वाट बहुधा जुन्या काळातली आहे, आणि पुसल्यानंतर ती त्याच वेगाने परत येईल असे मानण्याचे कारण नाही. मला काळजी वाटते ती इथेनॉलची. आमच्या कृष्णाकाठचा ऊस कारखान्यात जातो आणि त्याच्या मळीचे इथेनॉल होऊन आता २० टक्के प्रमाणात पंपावर परत येते. शेतकरी म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि पेट्रोलपेक्षा वीज सहज वाहू देते, त्यामुळे टाकीतील उघड्या कॉन्टॅक्टांना गंज चढण्याची शक्यता वाढते. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

कुपवाडकर (सांगली)

कराडकरांचा गंधकाचा मुद्दा बिनतोड आहे. तो मी स्वीकारतो. पण त्यांच्याच इथेनॉलच्या मुद्द्यामुळे नवा भाग घेण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

आता धागाकर्त्यांना एक प्रश्न विचारतो, आणि तो गांभीर्याने घ्यावा ही विनंती आहे. जोडणी तुटली तर काटा शून्य दाखवतो. त्याने मनस्ताप होतो, पण माणूस वेळेआधी पंपावर जातो, धोका नसतो. खरा धोका उलट दिशेचा आहे. आपण कॉन्टॅक्टची टोके वाकवली आहेत. ती शेजारच्या रेघेला टेकली, किंवा दांडी कुठे अडकली, तर रोध कमी राहील आणि काटा नसलेले पेट्रोल दाखवील. इशाऱ्याचा दिवाही याच सेंडरच्या भरवशावर चालतो, तोही लागणार नाही. कुंभार्ली घाटात रात्री गाडी बंद पडली तर खोडरबराने वाचवलेले पैसे आठवणार नाहीत. टेबलावर ‘ओएल’ गेले एवढ्याने उपकरण बरोबर झाले, असे आमच्या धंद्यात कोणी म्हणत नाही. ज्ञात प्रमाणाशी ताडून पाहिलेत का?

यवतेश्वरकर, धागाकर्ता

नव्हते पाहिले. आपला प्रश्न वाचल्यापासून मी गाडी गावाबाहेर नेली नाही.

काल सकाळी टाकी जवळजवळ रिकामी असताना गर्दी नसलेल्या एका पंपावर गेलो आणि प्रत्येक वेळी इग्निशन बंद करून पाच-पाच लिटर पेट्रोल घेतले. प्रत्येक पाच लिटरनंतर गाडी हाताने ढकलून बाजूला घेतली, किल्ली फिरवली, काटा स्थिर होऊ दिला आणि त्याची जागा वहीत मांडली. पंपावरच्या मुलाने शेवटपर्यंत साथ दिली, त्याचे उपकार मानतो. पहिल्या तीस लिटरपर्यंत काटा प्रत्येक वेळी जवळपास सारखाच चढला. पस्तीस आणि चाळीस लिटरला तो जागचा हलला नाही. पंचेचाळीसला एकदम दोन घरे वर गेला आणि तिथून भरेपर्यंत पुन्हा नीट चढला. वाकवलेली टोके शेजारी टेकत असती तर गोंधळ सुरुवातीच्या तीस लिटरमध्येच दिसला असता, असे मला वाटते. मधल्या थांब्याचा अर्थ मात्र मला लागत नाही.

कुपवाडकर (सांगली)

आपण दुरुस्त केलेली बाजू ठीक दिसते. हे मी मोकळेपणाने लिहितो, कारण कालपर्यंत माझी तशी अपेक्षा नव्हती.

मधल्या थांब्याचा अर्थ आपल्याच पहिल्या लेखात आहे. पेट्रोल आधी एका बाजूला साठते आणि मधल्या उंचवट्यापर्यंत पोचल्यावर ओसंडून दुसऱ्या बाजूला उतरते. म्हणजे त्या वेळी पहिला फ्लोट थांबतो आणि दुसऱ्याने उचलायला हवे. आपला दुसरा फ्लोट दहा लिटर उचललाच नाही आणि मग एकदम सुटला, याचा अर्थ त्याची दांडी जखडते आहे. भरताना ती खाली अडकते, तशी पेट्रोल संपत जाताना वरही अडकेल, आणि तेव्हा काटा नसलेले दहा लिटर दाखवील. दुसरी बाजू उघडल्यावाचून इलाज नाही. दांडीची खुंटी झिजली असेल तर ती पुसून सुधारणार नाही. तेवढा एक सेंडर नवा घ्या, दोन्ही घेण्याचा आग्रह मी सोडतो. झाकणाची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) आधी मागवा आणि ती हातात आल्याशिवाय झाकण उघडू नका. जुनी ओ-रिंग पेट्रोलने फुगलेली असते, ती खाचेत पुन्हा बसत नाही.

यवतेश्वरकर, धागाकर्ता

दोन ओ-रिंग मागवल्या आहेत. पंपाच्या बाजूची मी जुनीच परत बसवली होती.