शब्दचर्चा : ‘स्वयंजुळणी’ की ‘थर धरणं’?

(नाशिक परिसरातल्या वाचकांची चर्चा; बोलणारा त्याच्या भागाच्या नावाने.)

सातपूर : कलिल स्फटिक म्हणजे द्रवातल्या सूक्ष्म गोळ्यांनी रांगा धरून झालेले स्फटिक. त्यांच्यावरच्या एका लेखात सेल्फ-असेंब्लीला, म्हणजे कण आपोआप रांगेत लागण्याला, ‘स्वयंजुळणी’ म्हटलंय. इकडे कारखान्यात जुळणी म्हणजे फिटरचं काम. सुटे भाग, ड्रॉइंग, प्रत्येक भागाची ठरलेली जागा. या कणांचं तसं असतं का?

गंगापूर रोड : नाही, म्हणून तो शब्द खटकतो. कण सगळे सारखेच, कुठलाही कुठेही बसतो. एकमेकांना न ओढणारे टणक गोळे द्रव धरून एकूण आकारमानाच्या ४९.४ टक्क्यांपर्यंत भरले की काही भाग स्फटिक होऊ लागतो आणि ५४.५ टक्क्यांना सगळाच होतो. प्युसी आणि व्हॅन मेगन या शास्त्रज्ञांनी १९८६ साली प्लास्टिकच्या गोळ्यांत हे दाखवलं. ओढ नसताना का? दाटीत रांग धरली की प्रत्येकाला हलायला जास्त मोकळीक मिळते. ५८ टक्क्यांपुढे मात्र गर्दीच इतकी की रांग लागण्याआधी सगळं अडकतं आणि ‘काच’ होते, म्हणजे रांगेशिवायच गोठलेला घन.

नाशिकरोड : मग ‘रवा धरणे’ का नको? तूप रवा धरतं, मध रवा धरतो. कर्ता कोणी बाहेरचा नाही.

गंगापूर रोड : क्रियापद झकास, पण ‘रवा’ म्हटलं की वाचणाऱ्याला तो कणच वाटेल. शिवाय तूप निवल्यामुळे रवाळ होतं, इथे कारण दाटी. ‘रवा’ स्फटिकाच्या एकसंध तुकड्यासाठी ठेवा, आणि दोन तुकड्यांमधल्या सांध्याला ‘रवासीमा’. (‘कलिल’चीही गंमत बघा. गीतेत २.५२ला ‘मोहकलिल’ येतं, म्हणजे मोहाचा चिखल, आणि त्याच गढुळातून ही शिस्त.)

सातपूर : करून बघायचं तर?

पंचवटी : २२० नॅनोमीटरचे पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे गोळे, आकारातला फरक ५ टक्क्यांच्या आत. द्राक्षाच्या घडात लहानमोठे मणी आले तर पेटी नीट लागत नाही, तसंच हे. आयनविरहित, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यात गोळे ०.२ टक्के, छोट्या बाटलीत. नळाचं पाणी नको, क्षारांमुळे कणांवरच्या विद्युतभाराचं प्रतिकर्षण झाकलं जातं आणि गुठळ्या होतात. स्वच्छ काचपट्टी उभी बुडवून ५० ते ६० अंशांवर, न हलवता, दोनतीन दिवस. पाणी उडताना काचेवरच्या पाण्याच्या कडेशी कण ओढले जातात आणि तिथे दाटी होते. वाळलेल्या थराचा रंग समोरून साधारण ५२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा दिसतो, तिरकं बघितलं की निळ्याकडे सरकतो. वाळताना थर आकसतो, पण काचेला चिकटलेला असल्यामुळे तडे जातात, ते जवळपास अटळच. सिलिकाचे मोठे गोळे घेतले तर पाणी उडण्याआधीच ते तळाला बसतात.

सिन्नर : इथल्या गारगोटी संग्रहालयातल्या ॲपोफिलाइट या खनिजाच्या स्फटिकांशी याची गल्लत नको. तिथे रांग अणूंची, इथे त्यांच्या साधारण हजारपट मोठ्या गोळ्यांची. जवळचा नातेवाईक ओपल, तोही गोळ्यांचाच, फक्त सिलिकाच्या.

नाशिकरोड : पाठ्यपुस्तकाला नाम तर लागणारच.

गंगापूर रोड : ‘स्वयंरचना’ घ्या. ‘स्वयंसंघटन’ नको. ते खालून तापवलेल्या तेलात उठणाऱ्या षटकोनी नक्षीसारख्या गोष्टींसाठी राहू द्या, ज्या आच बंद केली की मोडतात. आणि कृतीत ‘कणांची जुळणी करा’ असं लिहू नका. ‘काच उभी ठेवा, कण थर धरतील’ एवढं पुरे.