तिसऱ्या दिवशी लेप्टो निगेटिव्ह, नवव्या दिवशी पॉझिटिव्ह: चूक कोणाची?

प्रश्न (कुडाळकर):
नमस्कार. आमचे काका जुलैमध्ये लावणीसाठी सलग आठवडाभर मळ्यात होते आणि पायाला भेगा असूनही अनवाणीच उभे राहिले. त्यानंतर त्यांना थंडी वाजून ताप आला व पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या, की हात लावू देईनात. तापाच्या तिसऱ्या दिवशी एका खाजगी प्रयोगशाळेत केलेली लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाची) झटपट कार्ड तपासणी निगेटिव्ह आली, परंतु डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू केले होते. नवव्या दिवशी आयजीएम एलायझा पॉझिटिव्ह आली. आता घरात सगळे पहिल्या प्रयोगशाळेला दोष देत आहेत. तो योग्य आहे का?

उत्तर (रत्नागिरीचा तंत्रज्ञ):
बहुधा नाही. कार्ड आणि एलायझा या दोन्ही तपासण्या जंतू शोधत नाहीत, तर जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीएम प्रतिद्रव्ये शोधतात, आणि ती साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आधी मोजण्याइतकी नसतात. तिसऱ्या दिवशी जंतू रक्तात फिरत असतो, म्हणून त्या वेळी जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी उपयोगी पडते. डेंग्यूत आपण पहिल्या दिवसांत एनएस१ करतो, कारण तो विषाणूचाच अंश असतो; लेप्टोच्या कार्डाकडून लोक नेमकी तीच अपेक्षा ठेवतात आणि फसतात.

माझी खरी तक्रार नमुन्यासोबत येणाऱ्या फॉर्मबद्दल आहे. ‘ताप कधीपासून’ हा रकाना दहापैकी आठ वेळा कोरा येतो. एलायझाच्या पट्टीतला पिवळा रंग किती गडद आला हे यंत्र सांगते, पण तो आकडा तिसऱ्या दिवसाचा की दहाव्या, हे न कळता अहवालाचा अर्थ लावायचा कसा?

उत्तर (निवृत्त वैद्यकीय अधिकारी):
वरील मताशी सहमत आहे. मात्र उलट बाजूही लक्षात घ्यावी. आयजीएम बरे झाल्यानंतरही काही महिने रक्तात राहू शकते, त्यामुळे दरवर्षी चिखलात उतरणाऱ्या माणसाची एकच पॉझिटिव्ह चाचणी आजच्या तापाचा निर्णायक पुरावा ठरत नाही. खात्रीसाठी मॅट ही चाचणी आहे. तिच्यात रुग्णाचा रक्तरस क्रमाक्रमाने पातळ करून जिवंत लेप्टोस्पायरांशी मिसळतात आणि काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्रतिद्रव्ये नसतील तर चमकणारे बारीक धागे मोकळे वळवळताना दिसतात. असतील तर ते एकमेकांना चिकटून गठ्ठे बनतात. दहा-चौदा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत, रक्तरस किती पातळ केला तरी गठ्ठे दिसतात हे प्रमाण चौपट वाढले, म्हणजे १:१०० वरून १:४०० झाले, तर निदान पक्के समजतात. जिवंत जंतूंचे निरनिराळे प्रकार सतत वाढवत ठेवावे लागत असल्याने ही सोय मोजक्याच ठिकाणी असते. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातून जंतू वाढवून पाहण्याचा, निकाल तर कित्येक आठवड्यांनी येतो, तोवर रुग्ण बरा तरी झालेला असतो किंवा हाताबाहेर गेलेला असतो.

म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी निगेटिव्ह कार्ड पाहूनही औषध थांबवले नाही, हे फार बरे केले.

उत्तर (दोडामार्गहून):
थोडे विषयाबाहेरचे, पण आमच्याकडे तापाचा हंगामही फॉर्मवर लिहावा लागतो. काजूच्या दिवसांत रानात गेलेल्या माणसाला ताप आला, तर माकडताप (गोचिडीतून पसरणारा विषाणूजन्य ताप) आधी डोक्यात येतो आणि त्याचा नमुना पहिल्या काही दिवसांतच पीसीआरसाठी पाठवतात. लावणीच्या चिखलातून आलेला ताप निराळा. दोन्हींत अंगदुखी सारखीच, त्यामुळे माणूस कुठे गेला होता हे न विचारता तपासणी निवडणे धोक्याचे.

कुडाळकर:
सर्वांचे आभार. काकांचा ताप उतरला आहे. नवव्या दिवशीचा रक्तरस प्रयोगशाळेत गोठवून ठेवला आहे असे आज कळले, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसरा नमुना देऊन दोन्ही एकत्रच मॅटसाठी पाठवण्याची विनंती डॉक्टरांना केली आहे. या वेळी फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख मी स्वतः लिहीन.