जंत्री, आकारणी की मूल्यांकन?

दांडियाबाजारकर:
वडील गेले, आई आधीच गेली होती, मृत्युपत्र नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या घरावर आम्हा तिघा भावंडांची नावं वारसाईनं चढली (बडोद्यात वारसनोंदीला सगळे वारसाईच म्हणतात). घर मी ठेवणार. पुण्याच्या ताईला आणि अमेरिकेतल्या धाकट्या भावाला हिश्श्याचे पैसे देणार. घरच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'जंत्रीप्रमाणे इतके होतात.' ताईचा प्रश्न आला, 'कशाची जंत्री? पाठव बघू.' भाऊ म्हणतो, बाबा गेले त्या दिवसाची किंमत काढ. कागदावर कोणता शब्द घालावा? घरवेऱ्याच्या (घरपट्टीच्या) बिलावरची आकारणी चालेल का?

रावपुरेकर:
आकारणी अजिबात नको. ती कर बसवण्यापुरती असते, विकायला काढलं तर घराचे किती येतील ते तिच्यावरून कळत नाही. मूल्यमापनही नको, तो शब्द शाळा-परीक्षांकडे गेलाय. मूल्यांकनच लिहा.

ताईंचा गोंधळ साहजिक आहे. पुण्याकडे जंत्री म्हणजे यादी, कोष्टक. आपल्याकडे जंत्री म्हणजे सरकारनं मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेले दर. तिकडे त्याला रेडी रेकनर म्हणतात. पण त्या दराला घराची किंमत समजू नका. २०११ची जंत्री थेट एप्रिल २०२३पर्यंत चालली आणि १५ एप्रिलला जमिनीचे दर एकदम दुप्पट झाले. एका रात्रीत बाजार दुप्पट होतो का? जंत्री बाजारभावाच्या खाली असेल आणि तिच्यावरच हिस्सा दिलात, तर ताई आणि भाऊ दोघांवरही अन्याय होईल. सख्ख्या भावंडांत तो होऊ देऊ नका.

आणि घर एकाकडेच राहणार, बाकीचे पैसे घेऊन हक्क सोडणार, तर कागद वाटणीपत्राचा नव्हे, मोबदल्यासह हक्कसोडपत्राचा. वकिलांना विचारून घ्या.

घसारा:
मी सरकारमान्य व्हॅल्युअरकडे काम करते, म्हणून थोडं लांबण लावते. अहवालात दोन शब्द भेटतील, 'जागा' आणि 'इमला'. इमला म्हणजे जागेवरचं बांधकाम. दोघांची किंमत वेगवेगळी काढतात. दांडिया बाजारातलं घर म्हणजे बहुधा अरुंद दर्शनी बाजू, आत लांबच लांब, शेजाऱ्याशी सामाईक भिंत. भिंतीची जाडी मोजतात, ती नक्की कोणाची ते कागदांत बघतात, लाकडाला वाळवी आहे का ते ठोकून पाहतात. एवढ्या जुन्या इमल्याला घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लावला की फार थोडं उरतं, जवळजवळ सगळी किंमत जागेची. सागवानी खांब आणि तुळया चांगल्या असतील तर त्यांचं वेगळं धरायला सांगा, ते राहून जातं.

आता तारीख. मूल्यांकन हा शब्द तारखेशिवाय अपुरा आहे. आपल्याकडे मृत्यूनंतरच्या मिळकतीवरचा कर १९८५मध्ये रद्द झाला, त्यामुळे इथल्या कराला वडील गेले त्या दिवसाची किंमत लागत नाही. पण तुमच्या भावाचं चुकत नाही. अमेरिकेत वारसानं घर विकलं की नफा मोजताना सहसा मृत्यूच्या दिवसाचा बाजारभाव धरतात. त्याला तो वेगळा काढून द्या. घर १ एप्रिल २००१च्या आधीपासून वडिलांचं असेल, तर इथल्या भांडवली नफ्यासाठी त्या तारखेची किंमत धरता येते. मात्र ती त्या दिवसाच्या मुद्रांकाच्या किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही, म्हणजे तिथे जंत्री लागतेच. भावंडांचा हिस्सा मात्र आजच्या बाजारभावानं.

कागदावर असं लिहा: 'दिनांक अमुक रोजीच्या बाजारभावानुसार, जागा व इमला मिळून, सदर मिळकतीचे मूल्यांकन.'

दांडियाबाजारकर:
दोघांचे मनापासून आभार. 'जंत्रीप्रमाणे' खोडलं. दस्त गुजरातीतच होईल, पण ताईसाठी मराठी प्रत सोबत ठेवतो. व्हॅल्युअरला तिन्ही तारखा आजच कळवतो.