मदत हवी आहे: गाडीच्या काचा उघड्या ठेवू की बंद? परवा पहाटे निघायचंय

मलप्रभाकाठ
परवा पहाटे खानापूरहून कोल्हापूरला जायचं आहे, आतेबहिणीचा साखरपुडा आहे. घरात एकाच गोष्टीवरून वाद पेटलाय. काचा खाली केल्या की बाबांना त्रास होतो, वर केल्या की आईला. मला एवढंच सांगा, हायवेला गाडी चालवताना काचा उघड्या ठेवाव्यात की बंद? नेटवर शोधून झालं, तिथं जो तो मायलेजवर बोलतो. मला मायलेजचं काही नाही. जाणकारांनी लवकर उत्तर द्या.

शहापूर_पेठ
मायलेजचं काही नाही असं म्हणून चालत नाही, साहेब. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. उघड्या काचांतून वारा आत घुसतो आणि गाडीला मागं ओढतो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो, म्हणून तोही पेट्रोल खातो. गावात, सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काचा उघड्या ठेवा. हायवेला लागलात की बंद करा आणि एसी लावा. मी वर्षानुवर्षं बेळगाव-पुणे असंच करत आलोय.

चोर्ला_रोजचा
मी भाजीची गाडी घेऊन रोज गोव्याला उतरतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी. आमच्या गाडीत एसी नावाची वस्तूच न्हाई. दोन्ही काचा खाली, बाराही महिने. माणसाला वारा लागला पाहिजे बगा. बंद गाडीत झोप येते, झोप आली की घाटात काय होतंय ते मी डोळ्यांनी बघितलंय. उघड्या ठेवा, बिनधास्त.

सिस्टर_वडगाव
त्रास म्हणजे नेमका काय? बाबांचं वय किती? दमा आहे का, सर्दी आहे, की नुसता वारा सोसत नाही? आईंना गाडी लागते का? हे कळल्याशिवाय उघड्या की बंद ते कसं सांगणार?

उद्यमबाग_गॅरेज
गाडी कोणती? पेट्रोल, डिझेल? किती सालची? एसी चालू आहे का? हे चार शब्द लिहिले असते तर आतापर्यंत उत्तर मिळालं असतं.

मलप्रभाकाठ
प्रश्नावर प्रश्न येतायत. बाबांना दमा आहे, वय 68. धूळ लागली की खोकला सुरू होतो. आईला गाडी लागते, बंद गाडीत तिला मळमळतं. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, 2013 ची. दिवाळीला सेकंड हँड घेतली. एसी चालतो. आता सांगा, उघड्या की बंद?

निपाणीकर
दमा आहे तर उघड्या अजिबात नको. सध्या ऊसतोड जोरात आहे. संकेश्वरपासून निपाणीपर्यंत ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, पाचटाचा भुसा उडत असतो. त्यात सहापदरीकरणाचं काम, सर्व्हिस रोडवर वळवलं की लाल मातीचा लोट. आमच्या निपाणीत तर तंबाखूच्या वखारीजवळून जाताना चांगला धडधाकट माणूस शिंकतो. दम्याच्या पेशंटला त्यातून उघड्या काचेनं नेऊ नका.

चोर्ला_रोजचा
मग आईनं काय करायचं? ओकत बसायचं?

निपाणीकर
ओकारीला गोळी मिळते. दम लागला तर भर हायवेवर काय करणार? आधी काय सांभाळायचं ते ठरवा.

वाघवडे_आजोबा
आईंना गाडी लागत असेल तर निघण्याआधी सुंठ चघळायला द्यावी. आवळा सुपारी किंवा लिंबाची फोड जवळ ठेवावी. रिकाम्या पोटी नेऊ नये आणि तुडुंब पोटीही नको. आमच्या वेळी एसटीच्या खिडकीशी बसून सगळं निभावत असे. आणखी एक, कोल्हापुरात पोहोचलात की आधी अंबाबाईचं दर्शन घ्या, साखरपुडा दुपारचा असेल तर वेळ मिळेल.

सिस्टर_वडगाव
गोळी दुकानातून घेऊन परस्पर देऊ नका. गाडी लागू नये म्हणून ज्या गोळ्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच गुंगी आणतात, आणि त्या वयात बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच. त्याआधी साधे उपाय करा. आईंना पुढच्या सीटवर बसवा. नजर लांब रस्त्यावर ठेवू दे, मोबाईल अजिबात नको. कान सांगतो गाडी हलतेय आणि डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, या गोंधळातून मळमळ होते. मागच्या सीटवर, समोर सीटची पाठ, हातात फोन, असं असेल तर चांगल्या माणसालाही होईल.

आता मला दोन गोष्टी सांगा. बाबांना बंद गाडीत एसी लावल्यावर खोकला येतो का? आणि आईंची मळमळ कधी सुरू होते, गाडी निघाल्यावर लगेच, वळणावर, की एसी लावल्यावर?

मलप्रभाकाठ
आईला विचारलं. एसी लावला की पाच-दहा मिनिटांत. म्हणते कुबट वास येतो, ओल्या पोत्यासारखा. मला तर काही जाणवत नाही. आणि हो, बाबा बंद गाडीतही खोकतात, थोड्या वेळानं. मागच्या रविवारी बेळगावला गेलो तेव्हा काचा पूर्ण बंद होत्या तरी दम्याचा पंप घ्यावा लागला. म्हणूनच तर वैतागलोय, उघडी ठेवली तरी तेच, बंद ठेवली तरी तेच!

उद्यमबाग_गॅरेज
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. तुमचा प्रश्न काचेचा नाहीच, गाडीच्या आतल्या हवेचा आहे. आता एवढं करून बघा आणि लिहा:

एसी बंद करून नुसता पंखा चारवर लावा. वारा जोरात येतो का? वास येतो का?
डॅशबोर्डवर गाडीच्या चित्रात गोल फिरणाऱ्या बाणाचं बटण किंवा सरकवायची दांडी असेल. ती कुठल्या बाजूला आहे?
पुढच्या डाव्या सीटची मॅट उचला. खालचं कार्पेट ओलं आहे का, डाग आहेत का?

शहापूर_पेठ
एवढं कशाला? एसी 18 वर लावायचा, काचा बंद, गाणी लावायची. 80 च्या वेगाला उघड्या काचा म्हणजे नुसता गोंगाट.

चोर्ला_रोजचा
80 ला काचा उघड्या ठेवल्या तर पेट्रोल जास्त जातं हे तुम्ही मोजलंय की ऐकलंय?

शहापूर_पेठ
मोजलंय. टाकी फुल्ल करून मोजलंय.

यरमाळ_रोड
दोघांचंही थोडं बरोबर आहे. कमी वेगाला उघड्या काचा स्वस्त पडतात हे नक्की, कारण एसीचा बोजा गाडी उभी असली तरी इंजिनवर असतोच. वेग वाढेल तसा हा फायदा घटत जातो. नेमका कुठल्या वेगाला तो संपतो, हे गाडीचा आकार, बाहेरचं ऊन, एसी किती जोरात आहे यावर ठरतं. 80 च्या आसपास एवढ्यातेवढ्या फरकासाठी भांडण्यात अर्थ नाही. तसंही धागाकर्त्याला मायलेज नकोच आहे, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

हिंदवाडी_१९
एक विचारायचं होतं, बाबांना ऊन लागू नये म्हणून काचांना काळी फिल्म लावली तर? माझ्या मेव्हण्यानं लावली आहे.

यरमाळ_रोड
उन्हाचा विषयच नव्हता, पहाटेचा प्रवास आहे. आणि फिल्म लावू नका. सर्वोच्च न्यायालयानं 2012 सालीच काचेवर वेगळी फिल्म चिकटवायला मनाई केली. कंपनीतून येणारी काच पुढं-मागं किमान 70 टक्के आणि बाजूला किमान 50 टक्के उजेड आत सोडणारी हवी असा मोटार वाहन नियम आहे. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर केए 22 ची, म्हणजे बेळगावची, गाडी काळ्या काचांची दिसली की थांबवतातच.

कागल_फाटा
थांबवतात ते काचांसाठी नाही, नंबर बघून थांबवतात. आमची एमएच 09 बेळगावात शिरली की तिकडंही तेच. दोन्हीकडच्या माणसांचं सोयरसुतक दोन्हीकडं, लग्नकार्याला तरी सुखानं जाऊ द्या.

संपादक
नंबरप्लेटचा विषय इथं नको, त्यासाठी वेगळा धागा आहे. परवा पहाटे निघायचंय त्यांना.

मलप्रभाकाठ
बघितलं. पंखा चारवर ठेवला तरी वारा दोनवर असल्यासारखा येतो. आवाज मात्र जोरात. नुसत्या पंख्यालाही वास आहे, एसी बंद केल्यावर जास्त. बाण असलेली दांडी गोल फिरणाऱ्या बाणाकडं आहे, गाडी घेतल्यापासून तिथंच, ती सरकतच नाही, कडक झालीय. मॅट उचलली, खाली तपकिरी डाग आहेत आणि तिथंही तोच वास.

उद्यमबाग_गॅरेज
झालं, सापडलं. ऐका.

गोल बाण म्हणजे गाडी आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतेय. बाहेरची हवा जवळजवळ येतच नाही. पाच माणसं बसली की श्वासाची दमट हवा तिथंच कोंडते, जीव घाबरतो, झोप येते. चोर्लावाले बंद गाडीतल्या झोपेचं म्हणाले ते यासाठी खरं आहे, पण त्यावर काच उघडणं हा एकच उपाय नाही. दांडी दुसरीकडं सरकवली की काचा बंद असतानाही बाहेरची हवा आत येते, फिल्टरमधून गाळून येते. हा फरक बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. काच आणि हवा यांचं नातं तेवढं सरळ नाही.

वारा कमी येतो म्हणजे वाट तुंबलीय. ग्लोव्ह बॉक्समागं केबिन फिल्टर असतो, तो एकतर गच्च भरलाय, नाहीतर नाहीच. काही जुन्या गाड्यांत फिल्टर बसवायची जागा असते, फिल्टर दिलेला नसतो. तसं असेल तर सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर जाते. कॉइलवर पाणी सुटतं, धूळ ओली राहते आणि बुरशी धरते. आईंना येतो तो वास बुरशीचा. कार्पेटवरचे डाग म्हणजे पाणी बाहेर जायची नळीही कधीतरी तुंबली होती. बाबा बंद काचेत का खोकतात ते सिस्टर सांगतील.

सिस्टर_वडगाव
बुरशी दम्याला धुळीइतकीच वाईट. शिवाय थंड कोरडा वारा थेट छातीवर-तोंडावर आला तरी दम लागू शकतो. म्हणजे त्या बिचाऱ्यांना दोन्हीकडून मार बसत होता. आईंचंही नाटक नव्हतं, मळमळ असणाऱ्याला वास आधी कळतो. घरातल्यांनी त्यांना काही बोलू नये.

मलप्रभाकाठ
पण परवाच जायचंय ना! हे सगळं उद्या एका दिवसात होईल का? किती खर्च?

उद्यमबाग_गॅरेज
खर्च गाडी बघितल्याशिवाय सांगणार नाही. फिल्टर बसवणं पाच मिनिटांचं काम आहे. दांडीची केबल सुटली किंवा अडकली असेल तर तेही तासाभरात होतं. कॉइल फोम मारून धुता येते. डॅशबोर्ड खोलून पूर्ण साफ करायची तर दिवस जातो, ते नंतर करा. सकाळी नऊला कुठल्याही कार-एसीवाल्याकडं उभे राहा, खानापुरातही आहेत. माझ्याकडंच या असं मी म्हणत नाही.

निपाणीकर
फिल्टर नवीन घातलात तरी मी सांगितलेल्या पट्ट्यात काचा बंदच ठेवा.

उद्यमबाग_गॅरेज
त्याबद्दल वाद नाही. वंटमुरी घाट, हत्तरगी नाका, पुढं संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी. यात जिथं काम चालू दिसेल किंवा पुढं ऊसाची ट्रॉली असेल तिथं थोडा वेळ गोल बाण लावा, म्हणजे बाहेरची धूळ आत ओढली जाणार नाही. ट्रॉली मागं पडली, रस्ता स्वच्छ झाला की परत बाहेरच्या हवेवर. जानेवारीच्या पहाटे एसी थंडाव्यासाठी लागणारच नाही. पण पाच जणांच्या श्वासानं काचेवर आतून वाफ धरेल, तेव्हा बाहेरची हवा ठेवून समोरच्या काचेवर वारा सोडा आणि थोडा एसी लावा. एसी हवेतला दमटपणा काढतो. हातानं पुसत बसू नका.

धारवाडची_सून
गाडीत लहान मूल आहे का? पॉवर विंडो असेल तर ड्रायव्हरच्या बाजूचं लॉक बटण आठवणीनं दाबा. मुलांचं बोट किंवा मान अडकते, डोळ्यांदेखत घडतं.

मलप्रभाकाठ
आहे, चार वर्षांचा. पण काचा हातानं फिरवायच्या आहेत.

धारवाडची_सून
मग सीट बेल्ट आणि चाइल्ड सीट बघा. मागं मांडीवर घेऊन बसू नका.

चोर्ला_रोजचा
एक सांगतो, काच उघडायचीच झाली तर मागची एकटी उघडू नका. वेगात असताना कानात धबधब धबधब होतं, डोकं उठतं. समोरची दुसऱ्या बाजूची बोटभर खाली करा, लगेच थांबतं. हे आमच्याकडं सगळ्या ड्रायव्हरांना माहीत हाय.

शहापूर_पेठ
हे मात्र खरं.

मलप्रभाकाठ
जाऊन आलो गॅरेजला. फिल्टर नव्हताच, रिकामी जागा. मेकॅनिकनं आतून मूठभर धुळीचा, उसाच्या कुसळाचा गोळा काढून दाखवला. आधीच्या मालकाचं घर कारखान्याच्या रस्त्यावर होतं. फिल्टर बसवला, कॉइलला फोम मारला, दांडीची केबल सुटली होती ती लावली. सगळ्या काचा बंद करून, बाहेरच्या हवेवर, आईला पुढं बसवून नंदगडपर्यंत नेऊन आणलं. आई म्हणाली वास गेला. बाबा खोकले नाहीत. आता मला तेवढंच सांगा, बंद ठेवून नेऊ ना?

सिस्टर_वडगाव
बंद, बाहेरच्या हवेवर, वारा पायांकडं. दर तासाभरानं थांबा, सगळ्यांना उतरवा. पंप बाबांच्या खिशात हवा, डिकीतल्या बॅगेत नको. आणि गाडी उन्हात लावून पंप आत ठेवून जाऊ नका. अत्तर, एअर फ्रेशनर, साखरपुड्याचे गजरे, यातलं काही गाडीत ठेवू नका, बाबांना आणि आईंना दोघांनाही सोसणार नाही.

मलप्रभाकाठ
गजऱ्याचं लक्षातच आलं नसतं. सगळ्यांचे आभार. पहाटे पाचला निघतो.

वाघवडे_आजोबा
सुंठ विसरू नका. संकेश्वरला थांबलात तर चहा घ्या, तळलेलं काही नको.

गोकाक_रस्ता
माझ्या गाडीतही असाच वास येतो, डिझेल आहे. काय करू?

उद्यमबाग_गॅरेज
नवीन धागा काढा. मॉडेल, साल, एसी चालतो का आणि घरात कुणाला काय त्रास आहे, ते पहिल्याच ओळीत लिहा.