रंगीत पानांची झाडे घरात: रंग टिकले ते कसे, गेले ते का?

दोन वर्षांपूर्वी मी घरी आणलेल्या क्रोटनच्या पानांवर लाल, केशरी आणि पिवळा असे तीन रंग होते. आज त्याच झाडाला एकोणीस पाने आहेत आणि ती जवळजवळ सगळी हिरवी आहेत. झाड निरोगी आहे, उंचही झाले आहे, कीड नाही की मरगळ नाही; पण ज्यासाठी ते आणले होते, तेवढेच नेमके उरलेले नाही. अशी तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की सर्वांचे अनुभव एका ठिकाणी यावेत असे वाटले, म्हणून हा चर्चेचा धागा.

विनंती एवढीच, की नुसते ‘झाड फार सुंदर आहे’ असे न लिहिता ते कोणते, कोणत्या उजेडात ठेवले, किती काळ टिकले आणि मधल्या काळात रंगाचे काय झाले, हे सविस्तर लिहावे. ज्यांची झाडे मेली त्यांनी तर अवश्य लिहावे.

सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी देतो. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा, पिवळा-केशरी कॅरोटिनॉइडांचा आणि लाल-जांभळा बहुतेक वेळा अँथोसायनिनचा असतो. पांढऱ्या भागात यांपैकी काहीच नसते किंवा नावापुरते असते. बऱ्याच झाडांत अँथोसायनिन तयार होण्यासाठी भरपूर उजेड लागतो. उजेड कमी पडला की झाड मिळेल तेवढा प्रकाश पकडण्यासाठी हरितद्रव्यावर भर देते आणि लाल रंग मागे पडतो. माझ्या क्रोटनचे बहुधा हेच झाले असावे, कारण ते खिडकीपासून साधारण अडीच मीटरवर आहे.

* * *

अडीच मीटर हे क्रोटनसाठी फारच लांब आहे. आपले डोळे मंद उजेडाला इतके सहज सरावतात की खोलीचा मधला भागही आपल्याला उजळ वाटतो, पण खिडकीपासून जसजसे आत यावे तसतसा प्रकाश झपाट्याने कमी होत जातो. मी एक साधी चाचणी करते. भर दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद धरायचा आणि त्यावर वीतभर उंचीवरून हात धरायचा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर ती जागा क्रोटनला चालते, सावली पुसट असेल तर हिरवी पानेच मिळतील असे समजावे, आणि सावलीच पडत नसेल तर तिथे झाडाऐवजी चित्र लावावे.

जागा बदलल्यावर क्रोटन पाने गाळते, याची मात्र तयारी ठेवा. माझ्या झाडाने पंधरा दिवसांत निम्मी पाने टाकली, तेव्हा ते गेले असे समजून मी कुंडी रिकामी करायला घेतली होती. शेवटचा उपाय म्हणून खोड नखाने किंचित खरवडले, तर आत ओला हिरवा थर दिसला, म्हणून थांबले. दीड महिन्याने शेंड्याला कोंब आले. कोवळे पान हिरवट-पिवळे असते आणि जून होता होता लाल होते, असे माझ्या जातीत दिसते. त्यामुळे पहिल्या नव्या पानावरून निराश होऊ नये. छाटताना निघणारा पांढरा चीक हाताला लागू देऊ नका, त्याने त्वचेची आग होते. हवा कोरडी असेल तर पानांच्या मागे कोळी कीड बसते. ती आधी दिसत नाही, पान निस्तेज आणि बारीक ठिपक्यांचे दिसू लागते. दर आठवड्याला पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुतल्यापासून मला फवारणी करावी लागलेली नाही.

* * *

‘जितका उजेड अधिक तितका रंग अधिक’ हा नियम सरसकट लावू नये, असे स्वतःच्या नुकसानीवरून सांगतो. लाल ॲग्लोनेमा फिका वाटला म्हणून मी तो थेट उन्हात ठेवला आणि चार दिवसांत पानांवर कागदासारखे वाळके डाग पडले. ॲग्लोनेमा मुळात जंगलाच्या तळाशी, मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारा आहे. जुने ॲग्लोनेमा हिरवे-चंदेरीच असत. त्यांत लाल रंग आणण्याचे मोठे श्रेय इंडोनेशियातील संकरतज्ज्ञ ग्रेगरी हंबाली यांना दिले जाते. त्यांनी सुमात्रातील, लालसर छटेच्या ‘रोटंडम’ या जातीचा वापर करून ‘प्राइड ऑफ सुमात्रा’ हा संकर तयार केला. म्हणजे रंग आला तोही सावलीत राहणाऱ्या झाडाकडूनच.

आता माझा ॲग्लोनेमा खिडकीपासून मीटरभर अंतरावर, पातळ पडद्याआड आहे. मातीचा वरचा तीन-चार सेंटिमीटरचा थर कोरडा झाल्याशिवाय पाणी देत नाही. थंडी त्याला सोसत नाही. तापमान १५ अंशांच्या खाली जाईल अशा वेळी तो खिडकीच्या काचेपासून दूर घ्यावा.

* * *

मी कॅलेडियम ‘मारले’ आहे, आणि तेही एकदा नव्हे, दोनदा. अवतरणचिन्हे का टाकली ते पुढे कळेल.

पहिल्या वर्षी पांढऱ्या पानांवर हिरव्या शिरांचे जाळे असलेले एक रोप आणले. तीन-चार महिने ते इतके देखणे होते की घरी येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यापाशी थांबत असे. मग पाने एकेक करून पिवळी पडू लागली. पाणी कमी पडते आहे असे वाटून मी पाणी वाढवले, त्याने पाने आणखी वेगाने गेली, म्हणून खत घातले आणि तीन आठवड्यांत कुंडीत नुसती ओली माती उरली. ती उकरली तेव्हा मऊ, दुर्गंधी येणारा लगदा हाताला लागला.

दुसऱ्या वर्षी गुलाबी जात आणली आणि पाने पिवळी पडू लागताच मी हात टेकले; कुंडी अडगळीत ठेवून दिली आणि विसरून गेलो. काही महिन्यांनी, दुसरे काही शोधत असताना, त्या कोरड्या ठणठणीत मातीतून वर आलेली गुलाबी सुरळी दिसली. तेव्हा कुठे मी वाचायला बसलो आणि समजले की कॅलेडियम हे कंदाचे झाड आहे, काही महिने वाढून झाले की ते स्वतःहून पाने उतरवते आणि कंद विश्रांती घेतो. म्हणजे पहिले झाड मरत नव्हते, झोपायला निघाले होते. त्याला मी बुडवून मारले.

आता पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू बंद करतो. पाने पूर्ण वाळल्यावर कंद काढून, माती झटकून, कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) १५ अंशांहून अधिक तापमानाच्या जागी ठेवतो. हवा उबदार झाली की डोळे असलेली बाजू वर करून, चार-पाच सेंटिमीटर खोल लावतो. डोळे ओळखू आले नाहीत आणि कंद उलटा लागला, तरी कोंब वळसा घालून वर येतो, थोडा उशीर होतो इतकेच. कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताचे द्यावे.

आणखी एक गोष्ट, जी मला विकत घेताना कोणी सांगितली नाही. कॅलेडियमच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे पान चावले तर तोंडात आग होऊन सूज येते. ॲग्लोनेमा, डिफनबेकिया, फिलोडेंड्रॉन ही त्याच कुळातली झाडे असल्याने त्यांनाही हे लागू आहे. आमच्या मांजरीने एकदा प्रयोग केला आणि तासभर लाळ गाळत बसली. ती बरी झाली, पण आता या कुळातली सगळी झाडे उंच फळीवर आहेत.

* * *

नवख्यांनी कोलियसपासून सुरुवात करावी. उजेड मिळाला की रंग टिकतो, पाणी कमी पडले तर पाने लोंबतात आणि दिल्यावर तासाभरात उभी राहतात, त्यामुळे झाडच आपल्याला शिकवते. शेंडे नियमित खुडावेत. तुरा येऊ दिला की झाड उंच, विरळ होते. चार इंचांची फांदी पाण्यात ठेवली तर साधारण आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. बियांपासून केलेल्या रोपांत प्रत्येकाचा रंग वेगळा निघू शकतो, म्हणून एखादा रंग मनात भरला असेल तर फांदीनेच वाढवावा. याचे शास्त्रीय नाव कोलियस, सोलेनोस्टेमॉन, प्लेक्ट्रँथस असे फिरून पुन्हा कोलियसवर आले आहे, तेव्हा जुन्या पुस्तकात वेगळे नाव दिसले तर गोंधळू नये.

* * *

माझा अनुभव रंग गेल्याचाच आहे, पण त्यात उजेडाचा काहीही दोष नव्हता.

स्नेक प्लांटच्या पिवळ्या काठाच्या जातीचे एक पान कापून मी त्याचे पाच तुकडे मातीत खोचले. तीन महिन्यांनी मुळे आली, पुढे पिल्लेही आली, पण पाचही तुकड्यांची पिल्ले साफ हिरवी निघाली. वर्षभर त्यांना अधिकाधिक उजेडात सरकवत राहिले. पिवळा काठ येणारच नव्हता, हे नंतर कळले. त्या जातीत पानाचे थर जनुकीयदृष्ट्या दोन प्रकारच्या पेशींचे असतात, काहींत हरितद्रव्य बनते आणि काहींत बनत नाही. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब फुटतो तेव्हा थरांची ती मांडणी मोडते आणि हिरव्या पेशींचे झाड तयार होते. काठ हवा असेल तर कंदासारखे जमिनीतले खोड, मुळे आणि पिल्लू यांसह झाड विभागूनच लावावे लागते.

हा धडा पुढे ‘पिंक प्रिन्सेस’ फिलोडेंड्रॉनच्या वेळी उपयोगी पडला, कारण त्याचा गुलाबी रंगही अशाच मिश्र पेशींमुळे असतो. सलग तीन पाने गडद हिरवी आली, तेव्हा मी जिथे शेवटचे गुलाबी पान होते आणि खोडावरही गुलाबी रेघ दिसत होती, त्या पेराच्या वर धीर करून छाट दिला. खालून फुटलेल्या फांदीवर पुन्हा गुलाबी पान आले. उलट टोकाचेही सांगून ठेवते. एका फांदीवर चार पाने पूर्ण गुलाबी आली आणि मला फार आनंद झाला, पण हरितद्रव्य नसलेल्या पानाला स्वतःचे अन्न नीट करता येत नाही. ती पाने काठाकडून तपकिरी होत गेली आणि ती फांदीही मला छाटावीच लागली. म्हणून विकत घेताना सर्वांत गुलाबी रोप निवडू नका. जवळजवळ प्रत्येक पानावर थोडा गुलाबी आणि बराच हिरवा असलेले आणि खोडावर रेघा असलेले रोप पाहा.

* * *

वरील अनुभवाला जोडून, फसगतीचा एक. ‘पिंक काँगो’ या नावाचे फिलोडेंड्रॉन मी मोठ्या हौसेने मागवले. विक्रेत्याचे नाव घेत नाही. वरची सहा पाने संपूर्ण गुलाबी होती. नंतर आलेले प्रत्येक पान हिरवे, आणि काही महिन्यांत जुनी गुलाबी पानेही हिरवी पडली. हा रंग झाडाचा नसून रासायनिक उपचाराने तात्पुरता आणलेला असतो. रोपावर पाने एका मर्यादेपर्यंत सरसकट गुलाबी आणि त्याच्या वर-खाली सरसकट हिरवी दिसली, तर संशय घ्यावा.

* * *

कॅलाथियाविषयी कोणी लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. बहुधा सर्वांची मेली असावीत. माझ्याकडे तीन वर्षांत चार होती. पानांच्या कडा तपकिरी होणे थांबेना म्हणून मी दिवसातून तीनदा पाणी फवारत असे, त्याने हवेतला ओलावा दहा मिनिटेही टिकत नसे आणि पानांवर डाग मात्र पडले. कुंडीखाली ठेवलेल्या, पाणी घातलेल्या खड्यांच्या ताटाचाही फारसा फरक जाणवला नाही. झाडे एकत्र दाटीने ठेवणे आणि क्षार कमी असलेले पाणी, म्हणजे साठवलेले पावसाचे पाणी, वापरणे या दोन गोष्टींनी शेवटच्या झाडाला वाचवले. आता मी मरांटा ठेवतो. लाल शिरा तितक्याच सुरेख आहेत, रात्री पाने तशीच मिटून उभी राहतात आणि माझ्याकडे तरी ते कमी रुसते.

* * *

धाग्याच्या सुरुवातीला दिलेल्या रंगद्रव्यांच्या यादीत एक रंग राहिला आहे, तो चंदेरी. रेक्स बिगोनियाच्या पानावरील चंदेरी पट्टा हा रंगद्रव्याचा नसतो. पानाच्या वरच्या त्वचेखाली हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो. माझ्याकडे एकाच मंद उजेडाच्या कोपऱ्यात दोन बिगोनिया होते. लालसर जातीचा रंग तीन महिन्यांत मातकट झाला, चंदेरी मात्र होता तसा राहिला. खोलीत उजेड बेताचा असेल तर लाल-केशरीच्या मागे न लागता चंदेरी छटेची झाडे निवडावीत, असे मी हल्ली विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

मूळ रेक्स बिगोनिया आसामातला आहे आणि ओलसर हवेची त्याची सवय सुटलेली नाही, पण पाने ओली राहिली की त्यांवर भुरी (पांढरी बुरशी) येते. पाणी कुंडीच्या कडेने, मातीलाच द्यावे. नवी रोपे करण्यासाठी पान पालथे करून त्याच्या जाड शिरांना चिरा द्याव्यात आणि ते चिरांची बाजू खाली करून ओलसर कोकोपीटवर सपाट दाबून ठेवावे. चिरांपाशी इवली रोपे उगवतात. डब्यावर झाकण ठेवल्यास अधिक बरे.

* * *

सर्वांचे आभार. क्रोटन खिडकीपासून अर्ध्या मीटरवर आणून सहा आठवडे झाले. पहिल्या तीन आठवड्यांत सात पाने गळली. पहिला अनुभव वाचलेला नसता तर मी नक्कीच कुंडी परत आत नेली असती. आता शेंड्याला दोन नवी पाने आली आहेत आणि त्यांच्या मधल्या शिरेलगत पिवळी रेघ आहे, लाल अजून नाही. खालचा अर्धा दांडा उघडा पडला आहे. तो याच हंगामात छाटावा की झाडाला आधी जागेची सवय होऊ द्यावी, याविषयी ज्यांनी क्रोटन छाटले आहे त्यांनी लिहावे.