मदत हवी आहे: पिकअप रिकामी असली की फार आदळते, मागचे दोन पाटे काढू का?

शिवारफेरी (धागाकर्ता)
मंडळी, जरा लवकर उत्तर द्या. पिकअप रिकामी असली की मागून इतकी आदळते की कंबर धरते. भरली की माल दबतो. फिटर म्हणतोय, दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे (मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) काढून टाकू, मऊ होईल. उद्या दुपारी गाडी उभी करायची आहे आणि परवा पुन्हा भरायची आहे. काढू का नको? काढायचे तर कोणते? शॉकअप मागच्या महिन्यात नवे टाकलेत, त्यामुळे ते सोडून बोला.

गॅरेज_चाकण
पिकअप म्हणजे कोणती? बोलेरो, योद्धा, इंट्रा, डी-मॅक्स? साल काय? मागे पाटे किती? माल कोणता, वजन किती, जाता-येता दोन्हीकडे भरलेली असते का? टायरमध्ये हवा किती? एवढं कळल्याशिवाय पाट्याला हात लावा असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

घाटवळण
एक पाटा काढा, काही होत नाही. निम्म्या गाड्या तशाच फिरतात. सगळ्यात खालचा जाड सरळ पाटा तेवढा ठेवा, मधला एक काढा. खर्च फक्त मजुरी आणि सेंटर बोल्टचा (सगळे पाटे मधोमध एकत्र धरतो तो).

शिवारफेरी
बोलेरो आहे, २०१८ ची. माल टोमॅटो. नारायणगावहून माळशेज उतरून कल्याण, येताना रिकामी. साठ क्रेट. हवा चारी चाकांत ६५ पीएसआय, कायम. पाटे मागे सात, खालचा जाड धरून. आता सांगा.

लोहारकी
क्रेट २० किलोचा, रिकाम्या क्रेटचं वजन धरून २२. साठ क्रेट म्हणजे १,३२० किलो. आरसी बुकात तुमच्या गाडीची वहनक्षमता किती लिहिली आहे ते आधी बघा.

काही काढण्याआधी तीन मापं घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून मागच्या अॅक्सलपासून बंप रबरापर्यंतची (अॅक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) मोकळी जागा मोजा. एकदा रिकामी, एकदा तीस क्रेट भरून, एकदा साठ. दोन्ही बाजू मोजा. ही मापं मिळाली की अंदाजाने बोलायची गरज उरत नाही.

घाटवळण
मोजून काय होणार? हाताने दाबून गाडी हलत नाही म्हणजे कडकच आहे.

लोहारकी
हाताने दाबून कार कळते, मालाची पिकअप नाही. रिकामी पिकअप हाताने दाबली तर ती कधीच हलणार नाही, पाटे चांगले असोत की वाईट.

पाटा काढला की काय होतं ते नीट समजून घ्या. सगळे पाटे सारख्या जाडीचे असतील तर सातातला एक काढल्यावर कडकपणा साधारण सातव्या हिश्श्याने कमी होतो. पण जाडीचा हिशोब घनाचा आहे. ८ मिमीचा पाटा आणि १० मिमीचा पाटा यांत जवळपास दुपटीचा फरक पडतो, कारण ५१२ आणि १,०००. म्हणून 'एक पाटा काढा' या सल्ल्याला पाट्याची जाडी सांगितल्याशिवाय अर्थ नाही. दोन काढले तर रिकामी गाडी थोडी सुखाची होईल, पण साठ क्रेटला अॅक्सल बंप रबरावर टेकेल. खड्ड्यात रबरावर बसलेली गाडी म्हणजे स्प्रिंगच नसलेली गाडी. टोमॅटोला तो धक्का सगळ्यात वाईट.

मेलबर्नकर
इकडे ऑस्ट्रेलियात हायलक्स आणि डी-मॅक्ससाठी मागचे पाटे कायम किती वजन असतं त्या हिशोबाने मिळतात. कायम काहीच नसेल तर वेगळे, ३०० किलो असेल तर वेगळे, ५०० साठी वेगळे. वर जीव्हीएम (मालासकट गाडीचं कमाल वजन) अपग्रेड करून गाडीची अधिकृत क्षमताही वाढवून घेता येते. तुम्ही पूर्ण सेटच बदला, सोबत चांगले गॅस शॉक, पुढचे कंट्रोल आर्म बुश, दोन इंचांची लिफ्ट. गाडी ओळखू येणार नाही.

गॅरेज_चाकण
दादा, यांच्या गाडीवर कायम ३०० किलो नसतं. जाताना तेराशे, येताना शून्य. नेमकी तीच तर अडचण आहे. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. पाटे वाढवले म्हणून पासिंग (नोंदणीतली वहनक्षमता) वाढत नाही. आणि जादा वजन सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० पासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००.

सह्यकडा
माझ्याकडे व्ही-क्रॉस आहे, तिला मागे कोणते शॉकअप चांगले?

गॅरेज_चाकण
वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

शिवारफेरी
मापं घेतली. रिकामी ११ सेंमी. तीस क्रेटला ७.७. साठला ४.४. दोन्ही बाजू सारख्याच. आता काढू का?

लोहारकी
उत्तम. आता बघा.

मालातला साधारण ८० टक्के भार मागच्या अॅक्सलवर धरू. पहिल्या तीस क्रेटचे ५२८ किलो मागे आले आणि गाडी ३.३ सेंमी बसली. दुसऱ्या तीसलाही ३.३. म्हणजे दोन्ही वेळा सेंटीमीटरला १६० किलो.

इथेच गोम आहे. खालचा जाड सरळ पाटा हेल्पर असतो. रिकाम्या गाडीत त्याच्या टोकांपाशी फट असायला हवी. थोडं वजन आलं की वरचे पाटे सरळ होतात आणि मग हेल्पर टेकतो. म्हणून पहिल्या तीस क्रेटला गाडी जास्त बसायला हवी आणि पुढच्या तीसला कमी. तुमची सारखीच बसते, म्हणजे हेल्पर रिकाम्या गाडीतसुद्धा टेकलेला आहे. टोकाला पोस्टकार्ड सरकतंय का बघा.

आदळण्याचं गणित सोपं आहे. स्प्रिंग तिच्यावरच्या भाराने किती सेंटीमीटर दबली आहे त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा, सेकंदाला किती हेलकावे ते कळतं. रिकाम्या गाडीचा मागचा भार साडेचारशे किलो धरला तर दाब २.८ सेंमी, हेलकावे ३. माणसाला १ ते दीड सोसतो. भरल्यावर दाब ९.४ सेंमी, हेलकावे १.६. म्हणजे भरलेली गाडी तशी ठीक आहे. माल दबतोय तो पाट्यांच्या कडकपणामुळे नाही.

पाटे गाडीखाली आडवं होऊन नीट बघा. सगळे एकाच जातीचे आहेत का? टोकाचा आकार, रुंदी, रंग?

शिवारफेरी
पोस्टकार्ड सरकत नाही. आणि चौथा पाटा वेगळा दिसतोय, टोक चौकोनी आहे, बाकीच्यांची निमुळती. गाडी सेकंड हँड आहे, आधीचा मालक वाळू भरायचा. त्याने पाटा वाढवला होता असं बोलला होता, ते सांगायचं राहिलं.

गॅरेज_चाकण
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! आता सगळं जुळतं. पाटा वाढवल्याने मागचा भाग उचलला गेला. त्यावर तुम्ही कंपनीच्या लांबीचे शॉकअप टाकले, ते रिकाम्या गाडीत जवळपास पूर्ण ताणलेले राहतात. गतिरोधकावरून मागचं चाक उतरताना 'खट्ट' असा ओढल्यासारखा आवाज येतो ना? तो शॉकअप टोकाला अडकल्याचा. असेच चालवले तर वरचा माउंट तुटतो.

शिवारफेरी
हो, तो आवाज येतो. मी बुशचा समजत होतो.

घाटवळण
म्हणजे पाटा काढायचाच निघाला की. मी तेच म्हणत होतो.

लोहारकी
कोणता काढायचा ते महत्त्वाचं. तुम्ही 'मधला एक' म्हणालात, फिटर 'दोन' म्हणतोय. काढायचा तो फक्त वाढवलेला, कंपनीचा एकही नाही. ज्याच्या टोकाला बुश बसतो तो मेन पाटा आणि त्याला लागून असलेला दुसरा, यांना कधीच हात लावायचा नाही. मेन तुटला तर दुसरा अॅक्सल धरून ठेवतो. चेसिस नंबरवरून पार्ट्स कॅटलॉगमध्ये आपले पाटे किती आणि किती जाडीचे ते काढून घ्या आणि एकेक जुळवा.

गॅरेज_चाकण
उद्याचं काम असं करून घ्या. चेसिसखाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर नाही. अॅक्सलला जॅकचा आधार. चाक आणि शॉकअपचं खालचं टोक सोडा, मग यू बोल्ट (पाटे अॅक्सलला बांधतात ते), मग शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी कडी). सेंटर बोल्ट सोडण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट आवळा. पाट्यांच्या कमानी वेगवेगळ्या असतात, बोल्ट निघाला की जुडगा उघडतो आणि बोटं जातात. हळूहळू सैल करा.

पाटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्यात खाच पाडली असेल आणि ती नखाला लागत असेल तर तो पाटा नवा घ्या. तडा सेंटर बोल्टच्या भोकापाशी शोधा. पाट्याला गॅस दाखवू देऊ नका, वेल्डिंगही नाही, पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि पाटा तिथेच तुटतो. हातोड्याने कमान चढवून देतो म्हणाले तरी नको, काही महिन्यांत पुन्हा बसते.

सेंटर बोल्ट आणि चारही यू बोल्ट नवे. जुडगा पातळ झाल्यावर जुन्या यू बोल्टचे आटे संपतात, नट वाटतो घट्ट पण पाटे सैल. मग सेंटर बोल्ट कापला जातो, अॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. नट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा, शेवटचा आकडा मॅन्युअलमधला. दोनशे किलोमीटरनंतर गाडी भरलेली असताना पुन्हा आवळा.

रबर बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरल्यावरच आवळायचे. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी कडक लागते आणि बुश लवकर फाटतो.

घाटवळण
पाट्यांमध्ये ग्रीस भरा. निम्मा कडकपणा गंजाचा असतो.

लोहारकी
गंजाबद्दल बरोबर. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, छोट्या खड्ड्याला सगळा जुडगा एका जाड पाट्यासारखा वागतो. पण साधं ग्रीस नको. शेताच्या रस्त्यावर त्यात माती बसते आणि सान पेपरसारखी घासते. टोकाला नायलॉनचे पॅड बसत असतील तर ते सगळ्यात चांगले. नसतील तर ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात, फक्त जोडणी करताना.

घाटवळण
पॅड पावसाळ्यात निसटतात. ग्रीस दर सहा महिन्यांनी धुऊन पुन्हा लावलं तर मातीचा प्रश्न येत नाही.

लोहारकी
भोकात बसणारी खुंटी असलेले पॅड निसटत नाहीत, नुसते चिकटवलेले निसटतात. पाट्याला भोक नसेल तर तुमचं ग्रीस बरं, हे मान्य.

मेलबर्नकर
एअर बॅग का नाही? रिकामी असताना ५ पीएसआय, भरली की वाढवायची. अशा एकतर्फी मालासाठीच ती असते.

लोहारकी
उपाय वाईट नाही, पण दोन गोष्टी. रोज दोनदा हवा बघावी लागते आणि भार पाट्याच्या दोन टोकांऐवजी चेसिसच्या एका जागी येतो. तिथे मजबुतीची प्लेट नसेल तर चेसिसला तडा जातो. त्यापेक्षा बंप रबराच्या जागी पोकळ रबर स्प्रिंग बसवली तर शेवटचे तीन सेंटीमीटर मऊ टेकतात, रोजची देखभाल नाही.

गॅरेज_चाकण
आणि हवा! रिकाम्या गाडीत मागे ६५ म्हणजे लाकडी चाक. टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात रिकाम्या अॅक्सलच्या वजनासमोर बघा, बरीच कमी निघेल. कल्याणला माल उतरला की कमी करा, परत भरण्याआधी थंड टायरमध्ये पुन्हा पूर्ण भरा. कमी हवेवर माल चढवला तर टायर तापून फुटतो, तो घाटात फुटायला नको.

रानमेवा
गाडीचं चालू द्या, पण टोमॅटो कुठला दबतो? खालच्या क्रेटमधला की वरच्या?

शिवारफेरी
दोन्ही. खालचा चिरतो, वरचा मागच्या बाजूचा घासून मऊ पडतो.

रानमेवा
मग ही दोन वेगळी दुखणी आहेत. खालचा चिरतो कारण क्रेट शिगोशीग भरलाय, वरच्या क्रेटचं वजन टोमॅटोवर येतं. काठाखाली दोन बोटं जागा सोडा म्हणजे वजन क्रेटच्या भिंतींवर जाईल. वरचा मागचा घासतो कारण हौद्याचा अॅक्सलमागचा भाग सगळ्यात जास्त उडतो आणि थरांमध्ये वरचा थर सगळ्यात जास्त नाचतो. मागच्या टोकाला एक थर कमी लावा, ताडपत्रीवरून दोर आडवा ताणून बांधा म्हणजे क्रेट वाजणार नाहीत. लांबच्या मालाला रंग फुटायला लागलेला तोडा, पूर्ण लाल नको. साठऐवजी चोपन्न क्रेट नेले आणि सगळे विकले गेले तर नुकसान कुठे?

गॅरेज_चाकण
शेवटचं, हे विसरू नका. मागच्या अॅक्सलजवळ चेसिसला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह (भार बघून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) आहे का बघा, त्यातून एक दांडी अॅक्सलला जाते. पाटा काढल्यावर त्याची सेटिंग करायची.

शिवारफेरी
काम झालं. वाढवलेला पाटा काढला, यू बोल्ट नवे, पॅड बसत नव्हते म्हणून ग्राफाइट लावलं. रिकामी १०.२, तीसला ६.३, साठला २.८. खट्ट आवाज गेला. रिकामी येताना मागे हवा कमी केली, फरक चांगला आहे. पण एक नवीनच, रिकामी असताना जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं घसरतात. दांडीचं फिटर म्हणाला गरज नाही.

लोहारकी
मापं बरोबर आली, आता पहिल्या तीसला ३.९ आणि पुढच्या तीसला ३.५. हेल्पर उशिरा टेकतोय. २.८ ही जागा कमी आहे, चोपन्नच क्रेट ठेवा.

गॅरेज_चाकण
ब्रेकचं आजच करून घ्या, घाटात तशी गाडी नेऊ नका. आधीच्या मालकाने पाटा वाढवला तेव्हा दांडी त्या वाढलेल्या उंचीला कोणीतरी लावली असणार. आता मागचा भाग खाली आला, व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे, म्हणून तो मागच्या चाकांना पूर्ण दाब सोडतो. रिकामी गाडी सपाटीवर, टाकीत डिझेल अर्धं, हौद्यात काही नाही, अशी उभी करून दांडीची लांबी मॅन्युअलमधल्या मापाला लावा, लॉक नट आवळा. मग मोकळ्या कोरड्या रस्त्यावर ताशी ३० ला ब्रेक मारून बघा. पुढची चाकं आधी धरली पाहिजेत.